पट्टीतले दोनशे रुपये आणि डॉसवरचा कॅल्क्युलेटर

परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी हिशोब लिहितो. वडील हेच करायचे, आजोबाही हेच. दुकानातला संगणक पेंटियमच्या काळातला आहे आणि त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही मायक्रोसॉफ्टची जुनी कार्यप्रणाली आहे, म्हणजे १९९४ ची, सुटी विकली गेलेली शेवटची आवृत्ती. आडतीचा प्रोग्राम क्लिपर नावाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. लिहिणारा माणूस कधीच गाव सोडून गेला, मूळ कोड कुणाकडे राहिला नाही. पण प्रोग्राम, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि कार्बन घातलेली तीन प्रतींची पट्टी (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पावती) हे तिन्ही एकमेकांना असे जुळलेत की एकाला हलवलं तर बाकीचे दोन बंद पडतात. म्हणून कुणी हात लावत नाही.

या प्रोग्राममध्ये हमाली-तोलाईचे जुने दर पक्के बसवलेले आहेत. दर बदलले तेव्हापासून कपातीचा आणि एकूण रकमेचा हिशोब आम्ही हातातल्या कॅल्क्युलेटरवर करतो आणि आकडा पट्टीत टाईप करतो. हंगामात दिवसाला किती पट्ट्या निघतात ते मोंढ्यात काम केलेल्यालाच कळेल. दिवाळीच्या आधी सोयाबीन आलं की चहा थंड होतो, पण मान वर होत नाही.

असाच एक दिवस. जिंतूरकडचे एक आजोबा सोयाबीन घेऊन आले होते. बीट म्हणजे लिलाव झाला, काटा झाला. १८ क्विंटल ३५ किलो, भाव ४,६२५. मी पट्टी फाडून दिली. आजोबा गेले नाहीत. खांबाला टेकून नातवाचा फोन काढला, बोटानं हळूहळू आकडे दाबले आणि परत माझ्यासमोर आले.

“बापू, फोनात तर दोनशे जास्ती यायलेत.”

मी कॅल्क्युलेटर ओढला, पुन्हा गुणाकार केला. ८४,६६८ रुपये ७५ पैसे. पट्टीवरही तेच. आजोबांनी फोन पुढे केला. ८४,८६८ रुपये ७५ पैसे. मी तिसऱ्यांदा केला. तरी तेच. तेव्हा आजोबांनीच कॅल्क्युलेटर हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला आणि म्हणाले, “ह्याची एक काडी मेलीय.”

खरंच मेली होती. कॅल्क्युलेटरचा प्रत्येक आकडा सात काड्यांचा बनतो. शेकड्याच्या घरातली वरची उजवी काडी उमटत नव्हती. त्यामुळे त्या एका घरात ८ चा ६ दिसायचा आणि ९ चा ५. बाकी सगळी घरं ठणठणीत. कधीपासून असं होतं कोण जाणे. त्या दिवशीच्या पट्ट्या सगळ्या काढून बसलो, रात्री अकरापर्यंत. आणखी दोन पट्ट्या सापडल्या. शेठनी दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोन लावून पैसे पोचते केले, पण त्याआधीच्या दिवसांचं काय, हा प्रश्न मला रात्री झोपू देईना. माल विकून गेलेला माणूस आमच्या आकड्यावर विश्वास ठेवून गेलेला असतो. त्यानं फोनवर मोजलं नसतं तर?

नवा कॅल्क्युलेटर त्याच दिवशी आणला. पण शेठ म्हणाले ते खरं होतं, “नवा आणला तरी त्यानं काय केलं ते कागदावर कुठं दिसायलंय? शेतकऱ्याला गुणाकार छापून दे.” म्हणजे संगणकानंच हिशोब करायचा आणि त्याच प्रिंटरवर वजन, भाव, गुणाकार, कपात ओळीनं छापून द्यायची. आमच्या प्रोग्रामला ते जमत नाही. म्हणून डॉसवर चालणारा, पैसे न लागणारा आणि पैशापर्यंत चोख असा कॅल्क्युलेटर शोधायला लागलो.

भाचा परभणीतच शिकतो. तो म्हणाला, मामा, त्यात शोधायचं काय, सेट लिहायचं, तिरकी रेघ, ए, आणि पुढं गणित. लिहून बघितलं. एक्स बरोबर ५ अधिक ३. उत्तर काही आलं नाही, चूकही दाखवली नाही. मग नुसतं सेट लिहिलं तर यादीत शेवटी एक नवीच ओळ आली होती, “तिरकी रेघ ए एक्स” या नावाची, आणि तिच्यात ५ अधिक ३ जसंच्या तसं लिहून ठेवलेलं. बेरीज करायची सोय विंडोज एनटीच्या घराण्यातल्या काळ्या खिडकीत आहे, डॉसमध्ये आपले हुकूम वाचणाऱ्या कमांड डॉट कॉम या फाईलमध्ये नाही. आणि त्या खिडकीतसुद्धा ती पूर्णांकच मोजते, पैसे नाहीत.

डॉसबरोबर डीबग नावाचा एक प्रोग्राम येतो. त्यात एच लिहून दोन आकडे दिले की बेरीज आणि वजाबाकी दोन्ही एकदम मिळतात. मी १८ आणि ५ दिले. उत्तर आलं १डी आणि १३. सोळाच्या पायाचा हिशोब आहे तो, मेमरीचे पत्ते काढणाऱ्यांसाठी. आमच्या उपयोगाचा नाही, तरी डॉसमध्ये मुळातून असलेला कॅल्क्युलेटर म्हणायचा तर हाच.

मग क्यूबेसिक, म्हणजे बेसिक भाषेत छोटे प्रोग्राम लिहायची सोय. एमएस-डॉस ५ पासून, म्हणजे १९९१ पासून ते डॉसबरोबरच येत होतं. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. जागा कमी पडते म्हणून कुणी क्यूबेसिकची फाईल पुसू नका. डॉसचं एडिट, ज्यात आपण साध्या फायली लिहितो, ते आतून क्यूबेसिकच वापरतं. ती फाईल गेली की एडिटही गेलं. मी पुसायच्या बेतात होतो, तेवढ्यात वाचलं म्हणून बरं.

क्यूबेसिकमध्ये वजन गुणिले भाव केलं. ८४८६८.७५. अगदी बरोबर. हमाली वजा झाली, तोलाई वजा झाली, सगळं पैशाला पैसा जुळलं. मला वाटलं काम झालं. चार दिवस नव्या कॅल्क्युलेटरबरोबर ताडून बघितलं, एकही पट्टी चुकली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवसभराची बेरीज क्यूबेसिकवर घ्यायला गेलो आणि रकमेचे पैसेच गायब. खात्री करायला साधा आकडा टाकला: ए बरोबर १२३४५६७.८९, आता ए छाप. छापलं १२३४५६८. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट रुपये एकोणनव्वद पैशांचे त्यानं परस्पर अडुसष्ट करून टाकले होते.

हे का होतं ते समजायला मला दोन रात्री लागल्या, पण समजल्यावर इतकं सोपं वाटलं की इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. नावापुढे काही खूण न लावलेला आकडा क्यूबेसिक आखूड जागेत ठेवतं. त्या जागेत आकड्यासाठी २४ बिटं, म्हणजे शून्य किंवा एक मावणारी २४ घरं असतात. दशमानात ते साधारण सात अंक होतात. रक्कम लहान असेल तर पैशाला जागा उरते. रक्कम १,३१,०७२ च्या वर गेली की शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतरच दीड पैशाच्या वर जातं. मग एकेक पैसा वेगळा ठेवायला जागाच नाही. ८४ लाखांच्या आसपास गेलं की अंतर एक रुपयाचं होतं. म्हणजे एकट्या पट्टीला चोख आणि दिवसाच्या बेरजेला खोटा. चुकायचा तर पहिल्याच दिवशी चुकावा, चार दिवस बरोबर येऊन पाचव्या दिवशी चुकणारा हिशोबनीस फार वाईट.

यावर उपाय आहे. नावापुढे हॅशची खूण लावली की दुप्पट जागा मिळते आणि पंधरा अंकांपर्यंत आकडा टिकतो. ते केलं, पैसे परत आले. पण अर्ध्या पैशावर अडकलो. १.००५ गुणिले १०० हे १००.५ यायला हवं, आतमध्ये ते १००.४९९९ असं काहीतरी असतं, कारण एक दशांश किंवा एक शतांश दोनच्या पायात पुरा लिहिताच येत नाही, जसा एक तृतीयांश दशमानात लिहिता येत नाही. पुढचा पूर्ण पैसा धरायचा की मागचा, हे अशा ठिकाणी आपल्या हातात राहत नाही. क्यूबेसिक मला आवडलं, पण पैशाचं काम त्याच्यावर सोपवायला मन धजेना.

मधल्या काळात एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जुन्या शेअरवेअर प्रोग्रामची एक सीडी मिळाली. त्यात मेमरीत दडून बसणारा कॅल्क्युलेटर होता. आडतीच्या प्रोग्रामवरच दोन कळा दाबल्या की कोपऱ्यात चौकट उघडायची. असली सोय बोरलँडच्या साइडकिकनं १९८४ मध्ये लोकप्रिय केली होती, ते मात्र विकत मिळायचं. या सीडीवरच्यानं मेमरीचा एवढा तुकडा अडवला की क्लिपरचा प्रोग्राम सुरूच होईना. आणि त्याच्यासोबतची मजकुराची फाईल उघडली तर लिहिणाऱ्यानं स्वच्छ लिहिलं होतं की तीस दिवस वापरून बघा, आवडला तर अमुक डॉलर या पत्त्यावर पाठवा. म्हणजे तो मोफत नव्हताच. आपल्याकडे शेअरवेअर आणि फ्रीवेअर एकच धरतात, आणि मला ते खटकतं. कुणीतरी मेहनत करून मागितलेले पैसे आहेत ते. पुसून टाकला.

खरोखर मोफत आणि कोडसकट मिळणारं डॉससाठी काय आहे, हे शोधायला लागलो तेव्हा एक वेगळंच जग दिसलं. फिनलंडमधल्या वासा विद्यापीठात गार्बो नावाचं डॉसच्या मोफत प्रोग्रामांचं मोठं कोठार होतं. ते सांभाळणारे टिमो साल्मी हे हिशोबशास्त्राचे प्राध्यापक. हे वाचून मला फार जवळचं वाटलं. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असं दिसल्यावर अमेरिकेत शिकणाऱ्या जिम हॉल या विद्यार्थ्यानं स्वतंत्र डॉस लिहायची हाक दिली, त्यातून फ्रीडॉस उभं राहिलं. त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. आणि डीजे डेलोरी यांनी १९८९ पासून जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, डॉसवर आणायचं काम हाती घेतलं. त्याला डीजेजीपीपी म्हणतात. त्याच्यामुळे युनिक्स या मोठ्या यंत्रांवरच्या जुन्या प्रणालीचे कितीतरी जुने मोफत प्रोग्राम डॉसवर चालतात. त्यात मला बीसी नावाचा कॅल्क्युलेटर सापडला.

बीसीचा जन्म बेल लॅबमधला, १९७० च्या दशकातला. रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी तो लिहिला. आधी डीसी होता, त्यात आकडे आधी आणि क्रिया नंतर अशी उलटी मांडणी करावी लागते. बीसीमध्ये आपण शाळेत लिहितो तसं लिहायचं. कोडसकट मोफत प्रोग्राम बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पानं पुढे स्वतःचा बीसी काढला, तो फिलिप नेल्सन यांचा. या प्रोग्रामचं मुख्य म्हणजे तो आकडा दशमानातच ठेवतो आणि कितीही लांब ठेवतो. सात अंक, पंधरा अंक अशी मर्यादा नाही. मेमरी पुरेल तेवढे अंक. दशांशाला जागा मिळते ती आपण सांगू तेवढी. मला हवं होतं ते हेच होतं.

आता तो दुकानातल्या यंत्रात न्यायचा कसा? त्याला इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह ते ओळखत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर झिप उतरवली, तिथंच उघडली, त्याला यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह लावली आणि कपाटातल्या जुन्या फ्लॉप्या काढल्या. पहिली फ्लॉपी दुकानात घातली तर खरखर आवाज आणि पडद्यावर जनरल फेल्युअर, ॲबॉर्ट, रिट्राय, फेल. चार वेळा रिट्राय दाबलं. दुसरीवर बुरशीचा ठिपका. तिसरी चालली. फाईल सी ड्राइव्हवर घेतली, बीसी लिहून एंटर दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली: लोड एरर, नो डीपीएमआय, आणि पुढे अमुक नावाची झिप आणा असं लिहिलेलं.

चूक झाली तर काय आणायचं ते नावासकट सांगणारी ओळ मी पहिल्यांदाच बघितली. डीजेजीपीपीचे प्रोग्राम ६४० केबीच्या पलीकडची मेमरी वापरतात आणि त्यासाठी डीपीएमआय नावाची मधली सोय लागते. जुन्या विंडोजच्या डॉस खिडकीत ती आयती असते, शुद्ध डॉसवर नसते. चार्ल्स सँडमन यांनी ती मोफत लिहून ठेवली आहे, सीडब्ल्यूएसडीपीएमआय, सगळी मिळून वीस केबीच्या घरात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच फ्लॉपीवर ती आणली, बीसीच्या शेजारी ठेवली, आणि बीसी उघडला.

पहिला हिशोब: ७ भागिले २. उत्तर ३.

मी खुर्चीत मागे टेकलो. एवढं सगळं करून ३? मग सोबतची मजकुराची फाईल वाचत बसलो, ओळन् ओळ. बीसीला स्केल सांगावं लागतं, म्हणजे दशांशानंतर किती घरं. काही सांगितलं नाही तर शून्य. स्केल २ केलं, ३.५० आलं. बरं वाटलं. पट्टीचा गुणाकार बरोबर आला. दिवसाची बेरीज पैशासकट बरोबर आली. मग खरेदीदाराच्या बिलातली बाजार फी, शेकडा १ रुपयाप्रमाणे, ८४८६८.७५ वर काढली. बीसी म्हणाला ८४८.६८. कॅल्क्युलेटरवर आलं ८४८.६८७५, म्हणजे आम्ही लिहिणार ८४८.६९.

एक पैसा. मोंढ्यात एक पैशाला कोण विचारतो, असं म्हणणारे भेटतील. पण ज्या दोनशे रुपयांमुळे मी या कामाला लागलो तेही एकाच मेलेल्या काडीतून गेले होते. पुन्हा फाईल काढली. बीसी आकडा पूर्ण करत नाही, उरलेलं तोडून टाकतो. ८४८.६८ नंतरचे ७५ त्यानं फेकून दिले. आणि हे सगळं त्या फाईलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे: बेरजेत किती घरं राहतील, गुणाकारात किती, भागाकारात किती. याच्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. कुठं तोडतो हे आधी सांगून तोडणाऱ्याला आवरता येतं.

आवरलं असं. आधी स्केल १० ठेवायचं, म्हणजे गुणाकारात काही तुटत नाही. उत्तर आलं की त्यात अर्धा पैसा, म्हणजे ०.००५ मिळवायचा. मग स्केल २ करून १ ने भागायचं. ८४८.६८७५ मध्ये अर्धा पैसा मिळवला की ८४८.६९२५, त्याला तोडलं की ८४८.६९. वजा रक्कम असेल तर अर्धा पैसा वजा करायचा. बीसीमध्ये आपण स्वतःची क्रिया लिहून ठेवू शकतो, मी या चार ओळींची एक क्रिया केली आणि एडिटमध्ये रीत नावाच्या फाईलमध्ये ठेवली.

मग छपाई. बीसीचं उत्तर पडद्याऐवजी सरळ प्रिंटरकडे पाठवता येतं, डॉसमध्ये बाणाची खूण आणि पीआरएन, म्हणजे प्रिंटरचं नाव, लिहिलं की झालं. वजन, भाव, नग हे आकडे एका फाईलमध्ये लिहायचे, तिच्यातच प्रत्येक ओळीपुढे नाव छापायला सांगायचं, आणि एका बॅच फाईलनं, म्हणजे हुकूम ओळीनं लिहिलेल्या फाईलनं, सगळं चालवायचं. पहिल्यांदा चालवलं, पट्टी छापून आली आणि यंत्र गोठलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. दोनदा बंद-चालू केलं. कारण साधं होतं: फायली वाचून झाल्या की बीसी कीबोर्डकडे बघत बसतो, माणूस अजून काही विचारेल म्हणून. फाईलच्या शेवटच्या ओळीत क्विट लिहिलं की तो उठून जातो. आकड्यात स्वल्पविराम चालत नाही, हेही एकदा ठेच लागून कळलं. ८४,८६८ लिहिलं की पार्स एरर. आणि एक रुपयाच्या आतली रक्कम तो शून्याशिवाय छापतो, नुसता टिंब आणि ५०. शेतकऱ्याला तो टिंब दिसणार नाही, म्हणून तशा ओळीला पैसे वेगळे काढून छापतो.

हे सगळं बसल्यावरही मला एका गोष्टीची हुरहुर होती. नव्या कॅल्क्युलेटरशी ताडून बघायचं, तर कॅल्क्युलेटरनंच मला फसवलं होतं. माणसानं हातानं केलेला, पक्का माहीत असलेला हिशोब हवा होता. तो घरातच सापडला.

आमच्या घरी माझ्या आजोबांची एक वही आहे, लाल कापडाची, मोडीत लिहिलेली. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. मोंढ्यातला माल मनमाडच्या अंगाला, मुंबईकडे गेला की पैसे कलदारात यायचे, शेतकऱ्याला द्यायचे हालीत. ७ हाली म्हणजे ६ कलदार. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं तरी हाली एकदम गेली नाही, पुढची दहा-अकरा वर्षं रेंगाळली. तोपर्यंत आजोबांच्या प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. दशमान पैसा १ एप्रिल १९५७ ला आला, त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै, आणि त्याला सहा गुणिले, सात भागिले. हे आजोबा तोंडी करायचे, असं वडील सांगतात.

वडिलांना मोडीचे आकडे नीट वाचता येतात. रविवारी त्यांना दुकानात घेऊन गेलो, वही कापडात गुंडाळून. त्यांनी बोट ठेवून वाचलं: हाली १००, कलदार ८५ रुपये ११ आणे ५ पै.

मी आधी स्केल २० ठेवून १०० गुणिले ६ भागिले ७ केलं. ८५.७१४२८५ आणि पुढे तेच सहा अंक पुन्हा पुन्हा, वीस घरांपर्यंत. वडिलांनी चष्मा वर करून बघितलं. “हे काय रे, ह्यात आणे कुठंयत?” मग मला उमगलं की इथं दशांश नकोतच. स्केल शून्य केलं. १०० रुपयांच्या १९२०० पै. सहा गुणिले, सात भागिले, १६४५७. त्याला १९२ नं भागलं, ८५ रुपये. उरल्या १३७ पै. त्याला १२ नं भागलं, ११ आणे. उरल्या ५ पै. ज्या शून्य स्केलनं पहिल्या दिवशी माझा विरस केला होता, त्यानंच आजोबांचा हिशोब आकड्याला आकडा काढून दिला. ७ भागिले २ बरोबर ३ आणि बाकी १, हे आजोबांच्या पिढीचं रोजचं गणित होतं. ते तुटलेलं फेकत नव्हते, खालच्या नाण्यात मोजत होते.

वडील तिथून हलेनात. एकेक ओळ वाचायचे, मी टाकायचा. दोन पानं झाली. एका ओळीत एका पैचा फरक आला. मी म्हणालो, आजोबांचं चुकलं असेल. वडिलांनी वही जवळ ओढली, खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं ते वाचलं: उरलेल्यात अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर पुढची पै शेतकऱ्याला. मी रीत नावाच्या फाईलमध्ये जे केलं होतं तेच, फक्त कुणाच्या बाजूला हे लिहून ठेवलेलं. वडिलांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं हलकी खूण केली आणि वही मिटली.

तेव्हापासून आमच्या पट्टीसोबत गुणाकाराची वेगळी चिठ्ठी जाते. त्यात वजन, भाव, रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम एकाखाली एक. जिंतूरचे आजोबा या हंगामात पुन्हा आले, चिठ्ठी हातात घेतली आणि नातवाच्या फोनवर ताडून बघितली. सगळी, खालपर्यंत. मग घडी घालून खिशात ठेवली.

मागच्या आठवड्यात शेजारच्या आडतीवरचे दिवाणजी काका आले, त्यांच्याकडेही असंच जुनं यंत्र आहे. त्यांना सगळं दिलं. नुसता प्रोग्राम नाही, त्याच्यासोबतची परवान्याची फाईल आणि मूळ कोडची झिपसुद्धा, कारण ग्नूच्या परवान्यात दुसऱ्याला देताना कोडही द्यायचा असतो, आणि आमच्या क्लिपरच्या प्रोग्रामचा कोड कुणी दिला असता तर आज हमालीचे दर हातानं टाकायची वेळ आली नसती. काकांनी आणलेल्या तीन फ्लॉप्यांपैकी दोन खराब निघाल्या. तिसरीवर सगळं मावलं. त्यांच्या यंत्रावर बसवून झाल्यावर ते म्हणाले, कोणता आकडा टाकू? मी म्हणालो, काका, १०० हाली टाका.